वंशावळ वर, माणूस खाली: एकच फाइल दोन विंडोंत

कोथरूडला राहणारे एक काका गेली चार वर्षं आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून जुने कागद चाळले, सासवडकडच्या मूळ गावी चकरा मारल्या, नातेवाइकांना फोन करकरून हैराण केलं आणि जमेल तसं सगळं वर्डमध्ये उतरवलं. पानं झाली चारशे बारा. मी मुद्रितं तपासण्याचं काम करते, म्हणून ती फाइल माझ्याकडे आली आणि फाइलपाठोपाठ काकाही आले.

पहिल्याच बैठकीत त्यांचं दुखणं दिसलं. वंशावळ पान ९ ते ३० वर आणि त्यातल्या माणसांची माहिती पुढे चारशे पानांत पसरलेली. ‘सातव्या पिढीतला रघुनाथ थोरला की धाकटा?’ एवढं बघायला काका पान ३१२ वरून माउसचं चाक फिरवत फिरवत पान १४ वर यायचे, चष्मा वर करून बघायचे आणि परत चाक फिरवत खाली जायचे. खाली पोचेपर्यंत जन्मसाल डोक्यातून गेलेलं असायचं. म्हणून मग लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटामागे ते लिहून ठेवायचं. अशी पाकिटं त्यांच्या टेबलावर गठ्ठ्यानं होती.

त्यावर त्यांनी आपल्या परीनं तोडगाही काढला होता. फाइलची कॉपी केली आणि तिला नाव दिलं ‘कुलवृत्तांत फक्त बघायला’. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडायच्या, एकीत बघायचं आणि दुसरीत लिहायचं. पण बघता बघता चूक दिसली की हात थांबतो होय? आठ-दहा दिवसांत ‘फक्त बघायला’मध्येही दुरुस्त्या झाल्या. आता खरी फाइल कोणती, हे काकांनाही सांगता येईना.

लांबलचक फाइलवर काम करणाऱ्या प्रत्येकाची गत थोड्याफार फरकानं हीच असते, मग तो प्रबंध असो, दिवाळी अंक असो की प्रोग्रामचा कोड. उपाय म्हणजे एकच मजकूर दोन विंडोंत बघणं. तो जवळजवळ प्रत्येक एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, आधीपासून असतो, फक्त कोणी दाखवलेला नसतो.

आधी चौक एकच आहे ना, ते बघा

डिस्कवरची फाइल आणि स्क्रीनवर दिसणारा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल उघडली की प्रोग्राम तिच्यातला मजकूर मेमरीत आणतो. तुम्ही टाइप करता ते मेमरीत होतं, डिस्कवरची फाइल तेव्हा होती तशीच पडून असते. सेव्ह केलं की मेमरीतलं डिस्कवर उतरतं. विंडो ही मेमरीतल्या त्या मजकुराकडे बघायची जागा, बाकी काही नाही.

पेठेतला जुना वाडा आठवा. मधे चौक, चौकात तुळस. माडीच्या खिडकीतून बघा नाहीतर ओसरीवरून, तुळस एकच. खाली कोणी पाणी घातलं की दोन्हीकडून दिसतं. एका मजकुरावर दोन विंडो म्हणजे हे. फाइलची कॉपी करणं म्हणजे शेजारच्या वाड्यात दुसरी तुळस लावणं. इथं घातलेलं पाणी तिथे पोचणार नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा: एकच फाइल दोन वेगळ्या प्रोग्रामांत उघडणं, किंवा एकच प्रोग्राम दोनदा स्वतंत्रपणे चालू करून दोन्हीकडे तीच फाइल उघडणं. डिस्कवर फाइल एक, मेमरीत मजकूर मात्र दोन. दिसतं पहिल्यासारखं आणि वागतं दुसऱ्यासारखं.

आपण कुठे आहोत हे ओळखायला मी एक अक्षर वापरते. दोन्ही विंडोंमध्ये एकच परिच्छेद समोर आणा. एकीत कुठेतरी ‘ळ’ टाइप करा आणि सेव्ह करू नका. दुसऱ्या विंडोत तो ‘ळ’ तिथल्या तिथे उमटला तर चौक एकच आहे, निर्धास्त कामाला लागा. नाही उमटला तर तुमच्यासमोर दोन वेगळे मजकूर आहेत. एक विंडो लगेच बंद करा. आणि हो, चाचणी झाल्यावर तो ‘ळ’ खोडा. माझा एक ‘ळ’ थेट छापून आलेला आहे, एका कवितेच्या तिसऱ्या ओळीत. कवीनं काही विचारलं नाही. वाचकांनीही नाही.

वर्ड: एकाच विंडोची फाळणी

वर्डमध्ये दोन रस्ते आहेत. नवख्या माणसानं फाळणीपासून सुरुवात करावी. त्यात हरवायला काही नसतं.

वरच्या पट्टीत ‘व्ह्यू’ टॅब उघडा आणि ‘स्प्लिट’वर क्लिक करा. मजकुराच्या मधोमध एक आडवी रेघ येते आणि विंडोचे वर-खाली दोन भाग होतात. वरच्या भागात एकदा क्लिक करा, म्हणजे कर्सर तिथे जाईल. मग कंट्रोल आणि जी दाबून १४ टाइप करा, एंटर मारा, ती छोटी चौकट बंद करा. वर पान १४ आलं. आता खालच्या भागात क्लिक करून तसंच ३१२ वर जा. खालच्या भागात कितीही फिरा, वरची वंशावळ जागची हलत नाही. रेघ माउसनं पकडून वर-खाली सरकवता येते. काकांनी वर एक तृतीयांश आणि खाली दोन तृतीयांश अशी वाटणी केली.

फाळणी काढायची तर त्याच बटणावर आता ‘रिमूव्ह स्प्लिट’ लिहिलेलं असतं. रेघेवर डबल क्लिक केलं तरी ती जाते. कीबोर्डवरून करायचं तर ऑल्ट, कंट्रोल आणि एस एकत्र दाबा.

लॅपटॉपचा पडदा लहान असेल तर दोन भाग केल्यावर प्रत्येकात चार-पाच ओळीच उरतात आणि माणूस वैतागतो. अशा वेळी कंट्रोल आणि एफ१ दाबा. वरची बटणांची जाडजूड पट्टी मिटते आणि बरीच जागा मोकळी होते. परत हवी असेल तर पुन्हा तेच दाबा. शिवाय दोन्ही भागांचा झूम वेगळा ठेवता येतो. वंशावळीचा तक्ता रुंद होता, म्हणून वरच्या भागात क्लिक करून, कंट्रोल धरून माउसचं चाक मागे फिरवलं आणि तक्ता बारीक केला. खाली मजकूर मोठाच राहिला. काकांच्या चष्म्याला खालचा मजकूर महत्त्वाचा.

फाळणी फक्त आडवी होते, आणि भाग दोनच. शेजारी शेजारी हवं असेल, किंवा घरी दुसरा मॉनिटर जोडलेला असेल, तर दुसरा रस्ता.

वर्ड: दुसरी विंडो

१. फाइल नेहमीसारखी एकदाच उघडा. एक्स्प्लोररमध्ये जाऊन तिच्यावर पुन्हा डबल क्लिक करू नका. त्यानं दुसरी विंडो मिळत नाही, आधीचीच पुढे येते.

२. ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘न्यू विंडो’वर क्लिक करा. तोच मजकूर दुसऱ्या विंडोत उघडतो. अगदी वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे एकीत १ आणि दुसरीत २ दिसतं. हे आकडे स्क्रीनपुरतेच असतात, डिस्कवर काही नवी फाइल झालेली नसते. मॅकवर हीच आज्ञा वरच्या ‘विंडो’ मेनूतही सापडते.

३. विंडोज की धरून डावा बाण दाबा. एक विंडो डाव्या अर्ध्यात बसेल आणि उरलेल्या जागी कोणती ठेवायची ते विचारलं जाईल. दुसरी विंडो निवडा. दोन मॉनिटर असतील तर विंडोज की, शिफ्ट आणि बाण दाबला की विंडो पलीकडच्या मॉनिटरवर जाते.

४. ‘ळ’ टाका, बघा, खोडा.

याच टॅबमध्ये ‘व्ह्यू साइड बाय साइड’ नावाचं एक आकर्षक बटण आहे. नवखे लोक हमखास त्याच्यावर जातात आणि फसतात. विंडो शेजारी शेजारी लागतात खऱ्या, पण सोबत ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ आपोआप चालू होतं. एक विंडो खाली नेली की दुसरीही तेवढीच खाली. काका म्हणाले, “अगं, हे दोघं हातात हात घालूनच फिरायला निघालेत!” ही सोय दोन वेगळ्या मसुद्यांची ओळीला ओळ ताडून बघायला केलेली आहे, आपल्या कामाला ती आडवी येते. तिच्या शेजारचंच ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’चं बटण दाबून बंद करा. ‘अरेंज ऑल’ही आहे, ते वर्डच्या सगळ्या उघड्या विंडो एकाखाली एक रचतं, अगदी सकाळी उघडलेलं सोसायटीचं पत्रसुद्धा. आधी नको त्या फाइली बंद करा, मग ते वापरा.

आता दोन विंडोंत सामाईक काय आणि स्वतंत्र काय, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचे घोटाळे टळतात. मजकूर, कॉमेंट, ट्रॅक चेंजेसमध्ये नोंदलेले बदल, सेव्ह करणं हे सगळं सामाईक. कोणत्याही विंडोतून सेव्ह करा, अख्खी फाइल सेव्ह होते. झूम, कुठल्या पानावर आहात ते, कर्सर आणि मजकूर बघायची पद्धत हे मात्र ज्या त्या विंडोचं.

‘बघायची पद्धत’ ही मोठी सोय आहे, तिच्यावर जरा रेंगाळते. एका विंडोत ‘आउटलाइन’ चालू करा. शीर्षकांना ‘हेडिंग’ स्टाइल दिलेली असेल तर तिथे ‘शो लेव्हल’मध्ये पातळी निवडली की प्रकरणांची नुसती शीर्षकं उतरंडीसारखी दिसतात. दुसरीत नेहमीचं पान ठेवा. प्रकरण लिहिताना आपण अख्ख्या पुस्तकात कुठे आहोत, हे डोळ्यांसमोर राहतं. माझ्या धंद्यात याहून उपयोगी पडणारी जोडी म्हणजे ट्रॅक चेंजेसची. एका विंडोत ‘रिव्ह्यू’ टॅबमधून ‘ऑल मार्कअप’ निवडते आणि दुसरीत ‘नो मार्कअप’. पहिलीत लाल रेघोट्यांचा सगळा पसारा, कुठला शब्द काढला आणि कुठला घातला ते. दुसरीत तेच वाक्य दुरुस्त होऊन छापल्यासारखं स्वच्छ. वाक्य सुधारलंय की नुसतं बदललंय, ते दुसऱ्या विंडोत लगेच कळतं.

आणि आता अनडू. कंट्रोल आणि झेड. इथेच काकांनी पहिल्या दिवशी मार खाल्ला. विंडो १ मध्ये त्यांनी रघुनाथाचं जन्मसाल १८७१ चं १८७७ केलं. मग विंडो २ मध्ये जाऊन त्याच्या शिक्षणाबद्दल एक लांब ओळ लिहिली. परत विंडो १ मध्ये आले, साल चुकलं असं वाटलं, म्हणून कंट्रोल झेड दाबलं. साल तसंच राहिलं आणि शिक्षणाची ओळ गेली! अनडू विंडोचा नसतो, मजकुराचा असतो. शेवटचा बदल ज्या कुठल्या विंडोत झाला असेल तो आधी मागे जातो. अशा वेळी घाबरून भराभर कंट्रोल झेड दाबत सुटू नका. कंट्रोल वाय दाबा, गेलेली ओळ परत येईल, आणि साल हातानं दुरुस्त करा. नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, व्हिम, ईमॅक्स हे पुढे येणारे साधे टेक्स्ट एडिटर, त्या सगळ्यांत हीच तऱ्हा आहे.

मजकूर हलवायलाही दोन विंडो फार कामाच्या. पान ३८० वरचा परिच्छेद पान ४५ वर न्यायचा असेल तर एका विंडोत दोन्ही टोकं दिसत नाहीत आणि माणूस कट करून मधल्या वाटेवरच विसरतो की आपल्या हातात काहीतरी आहे. डावीकडे कट, उजवीकडे पेस्ट. परिच्छेदात तळटिपा असतील तर त्या सोबत येतात आणि त्यांचे क्रमांकही आपोआप बदलतात. फक्त ओढत नेऊ नका, मधेच बोट सुटलं की परिच्छेद भलत्याच पिढीत जाऊन पडतो.

काम झालं की कोणतीही एक विंडो बंद करा. वर्ड काही विचारत नाही, कारण मजकूर अजून दुसऱ्या विंडोत जिवंत आहे. शेवटची विंडो बंद करताना, सेव्ह केलेलं नसेल तर, तो विचारतो. उद्या फाइल उघडाल तेव्हा एकच विंडो येईल. दुसरी पुन्हा मागावी लागते.

लिब्रेऑफिस रायटर वापरत असाल तर ‘विंडो’ मेनूत ‘न्यू विंडो’ आहे, बाकी वरचंच सगळं. रायटरमध्ये फाळणी मात्र नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या सेक्रेटरींना: तुमच्याकडेही ‘व्ह्यू’मध्ये ‘न्यू विंडो’ आणि ‘स्प्लिट’ दोन्ही आहेत, एकीकडे वर्षाचा गोषवारा आणि दुसरीकडे महिन्याची शीट ठेवता येते. पानं लावणाऱ्यांसाठी इनडिझाइनमध्ये ‘विंडो’ मेनूतल्या ‘अरेंज’खाली नवी विंडो मिळते. एकीत पूर्ण जोडपान, दुसरीत मोठं केलेलं जोडाक्षर.

साधे टेक्स्ट एडिटर

नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘मूव्ह/क्लोन करंट डॉक्युमेंट’ आणि त्यात ‘क्लोन टू अदर व्ह्यू’ निवडा. विंडो दुभंगते आणि तोच मजकूर दोन्हीकडे येतो. मधल्या पट्टीवर राइट क्लिक करून ती आडवीची उभी करता येते आणि एफ८ नं या भागातून त्या भागात जाता येतं. ‘मूव्ह’ आणि ‘क्लोन’ यांत गल्लत करू नका: मूव्ह केलं तर फाइल फक्त पलीकडे जाते, इकडे राहत नाही. त्याच मेनूत नव्या ‘इन्स्टन्स’मध्ये, म्हणजे प्रोग्राम स्वतंत्रपणे पुन्हा चालू करून, उघडायचाही पर्याय आहे. तो म्हणजे शेजारचा वाडा. तिकडे फिरकू नका.

जुन्या श्रीलिपी फाँटातली फाइल अशा एडिटरात उघडलीत तर सगळी अगम्य चिन्हं दिसतील. फाइल बिघडलेली नसते. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात, नसतो, एवढंच. तो वर्डमध्ये, त्याच फाँटसह बघा.

माझा भाचा हिंजवडीला कामाला आहे, त्याचा दिवस व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये जातो. तिथे कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबलं की तीच फाइल शेजारच्या भागात उघडते. कंट्रोल आणि १, कंट्रोल आणि २ नं या-त्या भागात उडी मारता येते. २०२३ च्या अखेरीपासून त्यात खरीखुरी वेगळी विंडोही मिळते: कंट्रोल आणि के दाबून सोडा, मग नुसता ओ. ही विंडो दुसऱ्या मॉनिटरवर नेली तरी मजकूर एकच राहतो. पण ‘फाइल’ मेनूतून ‘न्यू विंडो’ घेऊन तिच्यात तीच फाइल उघडलीत, तर ‘ळ’ची परीक्षा नापास. नाव तेच, ‘न्यू विंडो’, आणि वर्डच्या बरोबर उलटं वागणं! म्हणूनच मी नावावर विश्वास ठेवत नाही, ‘ळ’वर ठेवते.

सर्व्हरवर किंवा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिम भेटतो. त्यात कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून सोडा, मग एस दाबलं तर आडवी फाळणी, व्ही दाबलं तर उभी. कंट्रोल डब्ल्यू आणि परत डब्ल्यू म्हणजे पुढच्या भागात. कंट्रोल डब्ल्यू आणि सी म्हणजे हा भाग बंद. व्हिमची परिभाषा शिकण्यासारखी आहे: मेमरीतल्या मजकुराला तो ‘बफर’ म्हणतो आणि त्याच्याकडे बघायच्या जागेला ‘विंडो’. आपण वर चौक आणि खिडकी म्हटलं तेच.

ईमॅक्समध्ये शब्दांचा आणखी एक पेच आहे. तिथे स्क्रीनच्या भागाला ‘विंडो’ म्हणतात आणि आपण ज्याला विंडो म्हणतो, ती चौकटीसकट हलणारी, तिला ‘फ्रेम’. ईमॅक्सची मुळं १९७६ सालची. माउसनं हलवायच्या विंडो घरोघरी यायच्या कितीतरी आधी त्याचे शब्द ठरून गेले होते. कंट्रोल एक्स आणि मग २ म्हणजे आडवे भाग, ३ म्हणजे उभे, ओ म्हणजे पलीकडे, १ म्हणजे एवढाच ठेवून बाकीचे मिटवा. कंट्रोल एक्स, ५, २ दाबलं की नवी फ्रेम. त्यातला ‘फॉलो मोड’ मला फार आवडतो: दोन उभे भाग केले की डाव्या भागाच्या तळाशी संपलेला मजकूर उजव्याच्या डोक्यावर पुढे चालू होतो, वर्तमानपत्राच्या स्तंभांसारखा. एकाच नजरेत दुप्पट ओळी.

गूगल डॉक्सचं वेगळं काही नाही. ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करून तिची डुप्लिकेट काढा आणि ती टॅब बाहेर ओढा, झाली दुसरी विंडो. मजकूर सर्व्हरवर असतो आणि दोन्ही टॅब तिथूनच बदल घेतात, म्हणून ‘ळ’ पोचायला किंचित वेळ लागतो. इंटरनेट डळमळीत असेल तर एकाच टॅबमध्ये लिहा.

हात भाजतात ते इथे

काही वर्षांपूर्वी एका कोशाच्या कामाची शब्दसूची मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचे. एक दिवस घाईत ती दोन वेगळ्या प्रोग्रामांत उघडी राहिली. सकाळी एकीत पासष्ट शब्द घातले आणि सेव्ह केलं. दुपारी दुसरीत, जी सकाळपासून जुनाच मजकूर धरून बसली होती, एक वेलांटी सुधारली आणि सेव्ह केलं. पासष्टच्या पासष्ट शब्द गेले. त्या दुसऱ्या प्रोग्रामनं त्याच्या मेमरीत होतं ते इमानानं डिस्कवर उतरवलं; फाइल मधल्या काळात बदलली आहे का, हे त्यानं बघितलंच नव्हतं. सगळ्यांत शेवटी सेव्ह करणारा जिंकतो.

समंजस एडिटर अशा वेळी ओरडतात. त्यांचं ओरडणं नीट वाचायला हवं, आणि आपण नेमके तिथेच ‘ओके’ दाबून मोकळे होतो. वर्ड किंवा लिब्रेऑफिस म्हणतं की फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे, फक्त वाचायला उघडू का? तेव्हा आधी ती कुठे उघडी आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो ‘दुसरा कोणीतरी’ म्हणजे घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडी ठेवून आलेले आपणच असतो. व्हिम ई३२५ असा क्रमांक देऊन मोठा खलिता दाखवतो. दुसरीकडे तीच फाइल उघडी असेल तर क्यू दाबून गुपचूप मागे फिरा. व्हीएस कोड सेव्ह करायचं नाकारतो आणि डिस्कवरची फाइल जास्त नवी असल्याचं सांगतो; तिथे ‘ओव्हरराइट’ दाबायच्या आधी ‘कम्पेअर’ बघा.

काकांच्या दोन फाइलींचा गुंता आम्ही असाच सोडवला. वर्डच्या ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘कम्पेअर’ आहे. जुनी फाइल कोणती आणि नवी कोणती ते सांगितलं की दोन्हींतले फरक ट्रॅक चेंजेससारखे रंगवून एका तिसऱ्या फाइलमध्ये मिळतात. एकेक बघून ठेवायचा किंवा टाकायचा. आमच्या दोन दुपारी आणि काकूंनी केलेला चार वेळचा चहा त्यात गेला. मग ‘फक्त बघायला’ डिलीट केली. काकांनी स्वतःच्या हातानं केली, पण आधी दोनदा विचारून.

मराठी फाइलींत शोधताना एक खास अडचण येते, तीही इथेच सांगते. ‘कऱ्हा’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो: मुळातच नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसले तरी काही एडिटर शोधताना त्यांना वेगळे धरतात. काकांचं मूळ गाव कऱ्हेकाठी, आणि चार वर्षांत त्यांनी तीन कीबोर्ड बदललेले! अशा वेळी शोधायचा शब्द स्वतः टाइप करू नका. एका विंडोत तो जिथे दिसतोय तिथून कॉपी करा आणि दुसऱ्या विंडोच्या शोधचौकटीत पेस्ट करा. मग दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला एखादा सापडला की तोही तसाच कॉपी करून शोधा.

आणि दोन विंडो उघड्या आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असं समजून निर्धास्त होऊ नका. एका गुरुवारी वीज गेली, काकांच्या डेस्कटॉपला यूपीएस नव्हता, आणि दोन्ही विंडो एकदमच काळ्या झाल्या. मजकूर एकच होता, तो गेला की दोन्हीकडून गेला. दर थोड्या वेळानं कंट्रोल आणि एस, आणि रात्री झोपताना पेनड्राइव्हवर तारीख घातलेली एक प्रत. ती प्रत उघडायची नाही, तिच्यात बघायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही.

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला काकांचा फोन. “अगं, तिसरी विंडो उघडली तर चालते का?”

चालते म्हटलं. तीन, चार, हव्या तेवढ्या, स्क्रीनवर मावेपर्यंत.

“मी उघडलीच आहे. वंशावळ, माणूस आणि शेवटची सूची. तो रघुनाथ आहे ना, तो थोरलाही नाही आणि धाकटाही नाही. चुलत आहे! तिन्ही ठिकाणी वेगवेगळं लिहिलंय मी, आज पहिल्यांदा एकदम दिसलं.”

“मग दुरुस्त केलंत?”

“केलं. तिन्हीकडे. सेव्हही केलं.” मग थोडं थांबून, “आणि ‘ळ’ खोडला.”